सुलामामीची स्वतःची मेंढी

आमच्या वडूजच्या घराला रंग द्यायचा होता तेव्हा पुढच्या खोलीतलं सामान मागच्या खोलीत न्यायला आम्हा चौघांना दोन दिवस लागले, आणि त्यात घड्याळ फुटलं ते वेगळंच. सुलामामी अख्खं घर घोडीवर चढवते, ते चुलीवरचा चहा उतू जायच्या आत. खाली तंबूच्या काठ्या-कापडं, वर भांडी, भांड्यांवर घोंगडी, घोंगड्यांवर डालग्यातल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर दोन-चार दिवसांची कोकरं. शेवटी दोरीला एक हिसका दिला की मामी म्हणते, "चला." आजवर त्या ओझ्यातून एक पळीसुद्धा पडलेली मी पाहिली नाही.

सुलामामी माझ्या नात्यातली नव्हे, सगळे मामी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तिचा वाडा माणातला. वाडा म्हणजे पाच-सहा धनगर कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोड्या आणि कुत्री मिळून होणारं चालतं गाव. दिवाळी झाली की हे गाव दहिवडीकडून पाण्याच्या मुलखाला सरकतं. कधी कोरेगाव, कधी शिरवळ, कधी कऱ्हाडकडचा ऊसपट्टा. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो, आणि दोन-चार दिवसांत गाव पुढं. मृगाच्या तोंडाला परत माणात.

मी त्यात कसा शिरलो? मी वडूजात लग्नाचे फोटो काढतो. नवरदेवाला हनुवटी वर, नवरीला नजर खाली, एवढंच माझं शास्त्र. पुण्याच्या एका संस्थेला माझं काय आवडलं देव जाणे, पण त्यांनी मला चेंडूएवढा एक कॅमेरा दिला. दोन्ही अंगांना भिंगं. काठीवर लावून रोवला की पुढं, मागं, वर, खाली सगळं एका दमात टिपणार. मग डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवायचा, की बघणारा थेट वाड्याच्या मधोमध. मान वळवली की मागचंही दिसतं. शहरातल्या माणसाला धनगराच्या वाड्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे, ही संस्थेची अट. त्यासाठी आधी मी बसायला हवं, म्हणून एक हंगाम मेंढरांमागं हिंडायचं.

या कॅमेऱ्याची गोम अशी, की फोटो काढणाऱ्यानं लपायचं कुठं? तो तर सगळीकडं बघतो. म्हणून मी बटण दाबायच्या आधी घोंगडं पांघरून गाठोड्यासारखा पडून राहायचो. मामीचे मालक अर्जुनामामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "गड्या, फोटूवाला म्हंजे कसा ऐटीत हुभा पायजे. तू तर कोंबडी चोरल्यागत दडतुयास." दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुत्र्यालाही तसंच वाटलं आणि त्यानं गाठोड्याचा घोटा धरला. संस्थेला आत्तापर्यंत सगळ्यांत जास्त आवडलेला फोटो तोच.

मामीला फोटोचं कौतुक नव्हतं. "माझा काढू नगस. घोडीचा काढ, ती गोरी हाय," म्हणायची आणि कामाला लागायची. तिचं खरं काम दिवस कलताना सुरू व्हायचं. दिवसभर कोकरं वाड्यावर, आया रानात. कळप परतला की दोन्हीकडून असा काही कालवा उठतो की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. त्या गोंधळात मामी एकेक कोकरू उचलते, बरोबर त्याच्या आईखाली लावते, आणि तोवर दुसरं तिच्या हातात असतं. बघतसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "मामी, ओळखता कसं?"

"तुला तुझी आय कशी वळकू येती?"

"ती एकच आहे."

"मला बी ह्यातली एकेकच हाय."



पौषात वाडा औंधच्या खाली एका हरभऱ्याच्या रानाशेजारी उतरला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी चार दिवस दुसऱ्या एका वाड्यावर राहून आलो होतो. आटपाडीकडच्या शालूबाईंचा वाडा, मुक्काम पलूसजवळ, तोडणी झालेल्या उसाच्या फडात. शालूबाई आणि मामी एकमेकींना चांगल्या ओळखायच्या, वाटेवर गाठी पडायच्या, गेली दोन वर्षं मात्र भेट नव्हती. म्हटलं, मामीला मैत्रिणीचा वाडा दाखवू, तेवढीच करमणूक. दुपारी गडीमाणसं रानात होती, मामी कोकरांना पाला टाकून मोकळी झाली होती. मी चष्मा पुढं केला.

"ही झापडं मला व्हय रं? घोडी बुजती तवा तिला घालत्यात."

"घाला तरी."

घातली. मग एकदम, "आगं बया! शालीची चूल!" असं म्हणून मामी तरातरा पुढं निघाली आणि पाण्याच्या तांब्यावर पाय देऊन खाली बसली. बसल्या जागी बघायचं असतं हे मी सांगेपर्यंत तिनं शालूबाईच्या संसाराची तपासणी सुरू केली होती. "घोंगडी उन्हात टाकली न्हाईत... भाकरी बघ किती जाड थापतीया, भाकरी हाय का उशी... घोडीचा पाय सुजलाय, सांगाया पायजे."

फोटो मी काढला होता चुलीचा, शालूबाईच्या हातांचा. संस्थेला तोच पाहिजे होता. पण मामी हळूहळू फिरत फिरत चुलीकडं पाठ करून बसली, जिकडं बघावं असं कुणीही सांगितलं नव्हतं तिकडं. तिकडं लांबवर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं उभी होती. मामीची मान थांबली. 

"टिकली," मामी म्हणाली.

आता टिकली कोण, ते सांगतो. मामीच्या लग्नात तिच्या आईनं आंदण म्हणून एक मेंढी दिली होती. त्यांच्यात कळप नवऱ्याचा असतो, पण आंदणातली मेंढी आणि तिच्या पोटची पुढची सगळी वेल बाईची. ठेवायची, विकायची, का लेकीला द्यायची, ते बाईच ठरवते, त्यात मालकाची ढवळाढवळ नाही. मामीची वेल एकदा अकरा मेंढ्यांपर्यंत गेली होती. मग लागोपाठ नर झाले, एक साथ आली, लांडग्यानं दोन नेल्या, आणि उरली एकटी टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान जन्मतःच मुडका, अर्धाच. दोन वर्षांपूर्वी शिरवळला मोठा रस्ता ओलांडताना ट्रकचा भोंगा वाजला, कळप फुटला आणि टिकली गेली. गाभण होती. चार दिवस शोधली. मिळाली नाही.

तेव्हापासून मामी दोनशेवर मेंढरांचं करते आणि त्यांतलं एकही तिचं नाही. अर्जुनामामा वाईट माणूस नव्हे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, "घे की ह्यातली कुठली बी. एक सोडून दोन घे." मामीचं उत्तर ठरलेलं. "ती तुमी दिल्याली. मला माझ्या आयनं दिल्याली पायजे." त्यात लेक सोनिया कऱ्हाडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, पुढच्या साली लग्नाचं बघायचं. तिला आंदणात काय देणार? सोनिया फोनवर म्हणायची, "आई, मी मेंढी बांधू कुठं? गॅलरीत?" मामी म्हणायची, "ऱ्हाईल माझ्याकडंच. नाव तुझं." पण नाव लावायला मेंढी तर हवी.

मामीनं चष्मा काढला. डोळे लाल. "वाळवलीया बघ भवानीनं तिला. कशी बारीक झालीया! तोंडावर साखर, अन् वाघरीत दुसऱ्याची मेंढी."

"मामी, फोटो लांबचा आहे. एवढ्यावरून..."

"तुझी आय लांबनं येताना दिसली तर तू जवळ येस्तवर वाट बघतुस व्हय?"

अर्जुनामामा रानातून आले. त्यांनी ऐकलं आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं, म्हणजे गोष्ट गंभीर. "सुले, चोरी काढणं म्हंजे येरागबाळ्याचं काम न्हाई. चुकलीस तर ह्या पट्ट्यात पुन्यांदा आपल्या शेजारी कुणी वाडा टाकायचं न्हाई. फोटूवरनं जातीस?"

"फोटूवरनं न्हाई. त्वांडावरनं जात्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी माझ्या गाडीवर मागं बसली. काठी वाड्यावर ठेवा म्हटलं तर ऐकेना. ती काठी तिनं आडवी धरली होती, त्यामुळं औंधपासून विट्यापर्यंत समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला आम्हाला खाली वाकून नमस्कार करत गेला. वाटेत जिथं मेंढरं दिसतील तिथं, "थांब रं जरा." थांबलो की लांबूनच निकाल. "ह्यांच्यात खरूज हाय. चल." विट्यात चहा घेतला तेव्हा मी हळूच म्हटलं, "मामी, समजा टिकली नसली तर?"

"मग फोटू खोटा."

"फोटो खोटा नसतो."

"मग टिकलीच हाय. पी चहा."

माझ्या धंद्यात इतका विश्वास आजवर कुठल्याच नवरदेवानं दाखवला नव्हता. 

वाडा अजून पलूसच्याच रानात होता, आणि शालूबाई भाकरीच थापत होती. आम्हाला बघून पिठाच्या हातानंच उठली. "आगं सुले! वाट कशी चुकलीस? ये, बस. पाणी घे."

मामी बसली नाही. "पाणी मागनं. माझी मेंढी आदी."

"कुठली मेंढी?"

"दोन वरसं खातीयास अन् कुठली इच्यारतीस? शिरवळची. टिकली माझी."

शालूबाईच्या हातावरचं पीठ तसंच राहिलं. शेजारच्या दोन तंबूंतून माणसं बाहेर आली. "चोर म्हणतीस मला? दारात येऊन? दाव कुठली ती. आत्ता दाव."

मेंढरं उसाच्या पाचटात चरत होती. मामी थेट आत शिरली आणि तिच्या त्या खास आवाजात, जिभेच्या टोकावर, टिकलीला हाक मारली. कळपानं माना वर केल्या, पण एकही मेंढी पुढं आली नाही.

"इसरली आसंल," मामी म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता.

मग तिला ती दिसली. मलाही दिसली. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान मुडका, बाकीच्यांपासून चार हात लांब उभी. मामीनं मागचा पाय धरून तिला ओढली, मांडीत दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा आता. वयानं पुरती जुळल्याली मेंढी हाय माझी, आठ दात," आणि अंगठ्यानं तिचा ओठ वर केला.

मेंढीचं वय दातांवरून कळतं. दीड-एक वर्षाला पुढचे दोन मोठे दात येतात, मग दरसाल दोन वाढत चार वर्षांपर्यंत आठ. हे मेंढपाळाचं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं. मामी त्या तोंडात बघत राहिली. ओठ खाली केला. परत वर केला.

शालूबाईनं कमरेवर हात ठेवले. "मोज की. मोठ्यानं मोज."

"दोन हायत," मामी म्हणाली.

"दोन वरसाखाली हरवल्याली म्हातारी मेंढी, अन् दोन दात? तुझी मेंढी उलटी वाढती व्हय गं?"

कुणीतरी हसलं. मी आजूबाजूला घोंगडं कुठं दिसतं का ते बघत होतो. मेंढी उपाशी नव्हती, वाळवलेलीही नव्हती. ती बारीक दिसत होती कारण तरणी होती, एवढंच. चाळीस कोसांत कुठल्याच वाड्यावर आता मामीला कुणी पाणी विचारणार नाही, आणि हे सगळं माझ्या चेंडूनं घडवलेलं.

पण मामीनं मेंढी सोडली नव्हती. ती त्या मुडक्या कानावरून बोट फिरवत होती. कानाच्या मुळाशी, मग मानेवर, मग छातीच्या रुंदीवर. बराच वेळ. मग वर बघून तिनं विचारलं. या वेळी आवाज पाहुणा म्हणून दाराशी आलेल्या माणसाचा होता, दारात येऊन भांडणाऱ्याचा नव्हे.

"शालू, हिची आय कुठली?"

शालूबाईचे हात कमरेवरून खाली आले.

"हिची आय..." ती म्हणाली. "हिची आय माझी न्हवं. शिरवळच्या पल्याड आमी उतरलो हुतो. दोन दिसांनी मोजलं तर एक जास्त. चार वाड्यांवर इच्यारलं, माणवाल्या एका गड्याजवळ सांगावा धाडला. कोण आलं न्हाई. पुढं फलटणच्या अंगाला व्याली अन् तिसऱ्या दिशी गेली. ही तेवढी ऱ्हायली. बाटलीनं वाढवलीया मी हिला, शेळीच्या दुधावर. सारखी पायांत येती म्हणून लुडबुडी म्हणत्ये."

"कपाळावर ठिपका हुता तिच्या?"

"हुता."

"सांगावा मला पोचला न्हाई गं."

"मला काय ठावं? मला वाटलं, कुणाला गरज न्हाई."

मामी तिथंच पाचटात बसली. टिकली मेल्याचं तिला त्याच क्षणी कळलं होतं आणि टिकलीची लेक तिच्या मांडीत होती. एकाच वेळी दोन्ही. पदर डोळ्याला लावला, मग नाक शिंकरलं, मग म्हणाली, "पाणी दे आता."

पाणी प्यायल्यावर बोलणी सुरू झाली. मला वाटलं, आता पंच बसतील. कसले पंच! दोघी चुलीपाशी बसल्या.

"आय तुझी हुती," शालूबाई म्हणाली. "ने म्हणलीस तर ने. पर ती माझ्या पायाबिगर चरत न्हाई, सांगून ठेवत्ये."

"न्हाई नेत. बाटली धरली त्या हातापासनं तोडली तर ती माझी हुईल व्हय?" मामीनं लुडबुडीच्या पोटाखाली हात घालून बघितलं. "गाभण हाय. शिमग्यापातूर व्याईल. आपण अर्धलीनं ठिवू. पयली कोकरी मला, दुसरी तुला. नर झालं तर तुझंच."

अर्धली म्हणजे जनावर एकाचं, सांभाळणार दुसरा, आणि पिल्लं निम्मीनिम्मी. इथं जनावर कुणाचं आणि सांभाळ कुणाचा हे नीट सांगता येत नव्हतं, तरी दोघींना ते बरोबर समजलं. शालूबाई म्हणाली, "चालंल. पर तू मला चोर म्हणलीस."

"म्हणले."

"एक दिस मी बी यीन तुझ्या दारात. कायतरी काढीन."

"ये की. सर आता तिकडं, भाकरी मी थापत्ये. तू लय जाड थापतीस."

"कुणी सांगितलं?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. "त्येनं. फोटूत." त्या दुपारी मला वाढलेली भाकरी खरोखरच उशीएवढी होती, आणि ती शालूबाईनं मुद्दाम माझ्यासाठी थापली होती.

पुढचे दोन महिने मामी वाड्यावर होती आणि नव्हती. नर झाला तर आणखी एक वर्ष, हे तिला माहीत होतं. आणि लुडबुडीची पहिलीच वेळ. अर्जुनामामा टेकीला आले. "तिकडं ती मेंढी व्यायची हाय, अन् हितं माझ्या कालवणात मीठ न्हाई."

शिमग्याच्या आदल्या दिवशी मामीचा फोन वाजला. मामीला फोन सगळ्यांना ऐकू जाईल असाच लावता येतो, त्यामुळं आम्ही सगळे हजर.

"काय चाललंय सुले?" शालूबाई निवांत विचारत होती. "ऊन लय हाय न्हवं औंदा?"

"हाय. व्याली का?"

"आमच्याकडं पाण्याचं बरं हाय. कालवा सोडलाय."

"शाले!"

"घोडीचा पाय बी उतरला. तू म्हणलीस तसं हळद लावली."

"शाले, तुझ्या वाड्यावर यीन मी काठी घिऊन!"

तिकडून हसण्याचा आवाज. मग, "कोकरी हाय गं. निरोगी हाय. दूध वडतीया चांगलं."

मामीनं फोन न बंद करताच अर्जुनामामांच्या हातात दिला आणि कोकरांकडं निघून गेली. शालूबाई पुढचा पाव तास मामांशी कालव्याच्या पाण्यावर बोलली.

ज्येष्ठाच्या सुरवातीला दोन्ही वाडे परतीच्या वाटेवर मायणीच्या माळावर एकत्र आले. सोनियाची परीक्षा संपली होती, ती एसटीनं आली होती. कोकरी अडीच-तीन महिन्यांची, दूध तुटलेली, चांगली गुबगुबीत. शालूबाईनं मामीला समोर उभं केलं, कुंकू लावलं. खण नव्हता, नारळ नव्हता. "पदर पसर," म्हणाली, आणि ती अख्खी कोकरी उचलून मामीच्या ओटीत घातली.

दहा-बारा किलोचं जिवंत ओझं पदरात आलं तशी मामी गुडघ्यात वाकली, पण सावरली. कोकरीनं पाय झाडून निषेध केला. सोनिया पुढं झाली, "आई, दे माझ्याकडं. माझीच ना ती?"

"तुझी हुईल तवा हुईल. तुझं लगीन तर हू दे. तवर माझी हाय."

अर्जुनामामा म्हणाले, "आगं, खाली सोड की. चालतीया ती."

"चालतीया ते मला बी दिसतंय," मामी म्हणाली आणि पदराची झोळी दोन्ही हातांनी धरून कळपाच्या मधून निघाली. मेंढरं दोन्हीकडं सरकून तिला वाट देत होती. आमचा तंबू माळाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मी कॅमेरा काठीवर चढवेपर्यंत ती निम्म्यात पोचली होती, आणि एकदाही तिनं ते ओझं खाली टेकवलं नाही.